सुमनच्या दारापुढे

४ एप्रिल, शनिवार. उद्या ईस्टर. चर्चचे तांदूळ निवडायला बसले आहे. घरात पंखा लावला की कोंडा उडतो, म्हणून मागच्या गॅलरीत आले. मांडीवर परात, शेजारी स्टीलचा डबा, खड्यांसाठी एक बशी. पूर्वी या कामाला आम्ही चर्चच्या पडवीत चटया टाकून बसायचो आणि बायकांच्या दोन रांगा व्हायच्या. यंदा सगळे तांदूळ माझ्या एका परातीत मावले.

आम्ही मेथडिस्ट ख्रिस्ती. नाशिकरोडच्या बाजूला आमचं लहानसं चर्च आहे. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की आमच्यातल्या प्रत्येक घरातली बाई स्वयंपाकाला तांदूळ मोजून घेते आणि धुण्याआधी त्यातली एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकते. मोजून झाल्यावर काढायची, आधी नाही. म्हणजे तेवढा भात घरच्यांच्या पानात कमी पडला पाहिजे. उपवासकाळभराच्या या मुठी चर्चमध्ये गोळा होतात आणि ईस्टरच्या सकाळी त्यांचा एकाच पातेल्यात भात होतो. त्याला आम्ही प्रीतिभोजन म्हणतो. कुणाचा कोलम, कुणाचा इंद्रायणी, कुणाचा रेशनचा, पेठकडच्या गंगूबाईचा जाड, तांबूस. असा भात धड शिजत नाही. अर्धा गिच्च होतो, अर्धा दाताखाली येतो. गंगूबाई दर वर्षी मला सांगते, "बाई, आमचा भात लय आग मागतो, त्याला आधी टाक." पण तोवर तो सगळ्यांच्यात मिसळलेला असतो. आता काय दाणा दाणा वेचून काढू? आम्ही तो तसाच खातो, आणि चांगला झालाय म्हणतो.

यंदा मला एकच गोष्ट हवी आहे. उद्या सुमननं येऊन हा भात खावा. मे महिन्यात ती घर विकून कायमची पुण्याला, मुलाकडे चालली आहे. आमच्या पंगतीला ती शेवटची बसली ती कोरोनाच्या आधी. दर वर्षी मी बोलावते, ती नाही म्हणते, मी म्हणते पुढच्या वर्षी बघू. आता पुढचं वर्ष नाही.

सुमन आणि मी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या चर्चच्या मंडळीत आलो. तिचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. ती क्वायरमध्ये होती, उंच गळ्याची. माझ्या गळ्याविषयी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचं एकमत झालं, तेव्हापासून पाण्याच्या बाटल्या, चटया, पातेली हे खातं माझ्याकडे आहे. मला ते बरं पडतं. मी अंबडला एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. वस्तू कुठे आहे आणि किती शिल्लक आहे, हे मला कळतं. त्यापलीकडचं सुमनला कळायचं.

खाली कुणीतरी द्राक्षं विकत फिरतो आहे. हंगाम संपत आला, आता गाडीवर मणीच जास्त, घड कमी. समोरच्या कडुनिंबाला मोहोर आलाय, त्याचा वास दुपारी उन्हानं तापला की घशात बसतो. हा वास आला की मला तो उपवासकाळ आठवतो. आठवतो म्हणणं बरोबर नाही. मी काम करत असते, आणि तो येऊन शेजारी बसतो.

त्या वर्षी संध्याकाळच्या प्रार्थनासभा अजून घरोघर भरत होत्या. आज या घरी, उद्या त्या घरी. पेटी स्कूटरवर पुढे ठेवून यायची. बैठकीच्या खोलीतलं टेबल बाहेर, चटया आत, दारात चपलांचा ढीग, कोपऱ्यात डासांची अगरबत्ती. उपवासकाळ म्हणून खायला काही करायचं नाही, फक्त चहा. तरी एखादी बाई बिस्किटांची बशी आणायचीच आणि म्हणायची, लहान मुलांसाठी आहे. मग भालेरावकाका म्हणायचे, "आण इकडे. स्वर्गाच्या राज्यात मी लहानच आहे." काका आमच्या मंडळीतले सगळ्यांत जुने. सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले. तेव्हाही म्हातारे होते, आजही तेवढेच म्हातारे आहेत. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी सायखेड्याकडून शिंदीच्या झावळ्या यायच्या, त्या मुलं एकमेकांच्या कानात घालायची. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर दुपारी तीन तासांची उपासना, पांढऱ्या साड्या, घाम, आणि उपासनेच्या छापील कागदांचे झालेले पंखे. ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकेक प्रवचन, त्यांतल्या चौथ्याला पहिला माणूस पेंगायचा.

या सगळ्यात त्या वर्षी एक नाव होतं. रूथ. सुमनची मुलगी. बारावीला होती. तिला रक्ताचा आजार निघाला तेव्हा थंडी होती. राखेच्या बुधवारी ती दवाखान्यात होती, आणि त्या दिवशी आमच्या मंडळीनं साखळी प्रार्थना धरली. साखळी म्हणजे दिवसाचे आणि रात्रीचे सगळे तास घरांमध्ये वाटून घ्यायचे. एक घर उठलं की दुसरं घर गुडघ्यावर. साखळी तुटू द्यायची नाही. मी माझ्या जेवणाच्या सुट्टीचा तास घेतला होता. स्टोअर्समध्ये बेअरिंगच्या खोक्यांच्या मागे, जिथे कुणी येत नाही, तिथे मी उभी राहायचे. मला लांबलचक प्रार्थना येत नाहीत. मी मागणी नोंदवावी तशी प्रार्थना करायचे. रूथ. बरी व्हायला हवी. लवकर. मग डबा खायचे.

साखळी तुटली नाही, हे मी सांगू शकते. पूर्ण उपवासकाळात एक तास रिकामा गेला नाही. भालेरावकाकांनी पहाटेचा तास घेतला होता. गंगूबाई तेव्हा बांधकामावर जायची, ती दुपारी विटांच्या थप्पीआड बसायची. ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, ती माणसं एकमेकांना फोन करून सांगायची, माझा झाला, आता तुमचा. मंडळी म्हणून आम्ही तेवढे चांगले त्याआधी कधी नव्हतो, नंतरही नाही.

तेव्हाचे पाळक, आमचे धर्मगुरू, चटकन भरात येणारे होते. झावळ्यांच्या रविवारी ते व्यासपीठावरून म्हणाले की ईस्टरच्या सकाळी रूथ आपल्या पंगतीत बसून भात खाईल. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले. सुमननं डोळे मिटले नव्हते. ती पाळकांकडे बघत होती, एखाद्यानं तारीख दिली की आपण बघतो तशी.

रूथ शनिवारी गेली. आजच्यासारखाच शनिवार, ईस्टरच्या आदल्या दिवशीचा.

आमची ईस्टरची पहिली उपासना दफनभूमीत होते. अंधार असतानाच चर्चपासून गात निघायचं, गल्ल्यागल्ल्यांतून फिरायचं, उजाडता उजाडता दफनभूमीत पोचायचं. कबरी आठवडाभर आधी धुऊन, चुना मारून ठेवलेल्या असतात. प्रत्येक कबरीवर मेणबत्ती आणि झेंडूची फुलं. सूर्य वर आला की पाळक म्हणतात, ख्रिस्त उठला आहे, आणि आम्ही म्हणतो, खरोखर उठला आहे. त्या रविवारी पहाटे आम्ही हे केलं. न करून काय करणार होतो. कुणाचा आवाज लागत नव्हता, पण शब्द सगळे म्हटले. आणि त्याच संध्याकाळी रूथची शवपेटी घेऊन पुन्हा तिथेच आलो. सकाळच्या मेणबत्त्यांची थोटकं अजून कबरींवर होती, झेंडू उन्हानं मलूल झाला होता. एवढ्या चुना मारलेल्या कबरींत एक ओल्या मातीची.

भात त्या दिवशी झाला नाही. तांदूळ तसेच राहिले. पुढच्या रविवारी प्रीतिभोजन ठेवलं. सुमनला घरी एकटी सोडायची नाही म्हणून आम्ही बायकांनी तिला आणलं. ती आली. माझ्या शेजारी बसली. ताटं वाढून झाली. आता हे सांगायला हवं की प्रीतिभोजनात पहिला घास घेण्याआधी साक्ष असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून सांगायचं, गेल्या वर्षभरात देवानं आपल्यासाठी काय केलं. ही मेथडिस्टांची फार जुनी रीत. ती आम्हाला इतकी अंगवळणी पडलेली की त्या दिवशी ती थांबवावी, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाळकांच्या नाही, काकांच्या नाही. माझ्याही नाही.

कुणीतरी उभं राहिलं आणि म्हणालं, मुलाला व्हिसा मिळाला. मग एक बाई उठली, स्कूटरवरून पडले पण हाड मोडलं नाही. कुणाची बदली रद्द झाली होती. भालेरावकाका उठले, त्यांची बायपास त्याच वर्षी झाली होती, त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढून टाके दाखवले. प्रत्येकाचं शेवटचं वाक्य ठरलेलं: प्रभूनं माझी प्रार्थना ऐकली. प्रत्येक वेळी सगळे म्हणायचे, स्तुती असो. माझं लक्ष तिसऱ्या-चौथ्या साक्षीला सुमनच्या हातांकडे गेलं. ती ताटाची कड पुसत होती. मला सगळं एकदम कळलं, पण तोवर पुढचा माणूस उभा राहिला होता.

शेवटी सुमन उठली. खोलीभर एक सुटकेचा श्वास झाला, अजून ऐकू येतो मला. लोकांना वाटलं, ही आता सांगेल की देवाची इच्छा मान्य आहे, आणि आपण सगळे रडू, आणि जेवू.

सुमन म्हणाली, "माझी ऐकली नाही. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी केली, तीही ऐकली नाही. एवढंच."

आणि खाली बसली. पाळकांनी घाईघाईनं एक गीत सुरू केलं, चुकीच्या पट्टीत. सुमननं ताटातला भात संपवला. कच्चा, गिच्च, सगळा. मागच्या नळावर जाऊन ताट घासलं, उपडं घातलं, माझा खांदा दाबला आणि घरी गेली. त्यानंतर ती आमच्या चर्चमध्ये आली नाही. दुसरीकडेही गेली नाही. अंबडकडे हॉल भाड्यानं घेऊन ड्रम वाजवणाऱ्या नव्या मंडळ्या निघाल्या, आमची बरीच घरं तिकडे गेली. तिथले लोक सुमनकडे दोनदा आले म्हणे. तिनं चहा दिला आणि दार लावलं.

मी अजून जाते. चर्च झाडते, पातेली मोजते, तांदूळ निवडते. पण त्या वर्षापासून मी काही मागितलेलं नाही. रागानं नव्हे. स्टोअर्समध्ये एखाद्या मालाची मागणी करत राहावं आणि एके दिवशी कळावं की ज्या पत्त्यावर पाठवतोय तिथे कुणी नाही, तर माणूस चिडत नाही. पाठवणं थांबवतो. मग मी जाते कशाला, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. साखळी प्रार्थनेच्या दिवसांत आम्ही जे होतो, ते मी पाहिलेलं आहे. ते खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून मी इतकी वर्षं बघते आहे. त्या एकमेकींना लागत नाहीत.

तांदूळ संपले. बशीत मोजके खडे आणि एक वाळकी अळी. डबा बंद करून ठेवला आणि चर्चकडे निघाले, कारण एक काम मला आजच करायचं होतं.

पाळकसाहेब आवारात होते. हे नवे, तरुण, तीन गावांच्या मंडळ्या मोटरसायकलवरून सांभाळतात. भालेरावकाका पायरीवर बसून उद्याच्या मेणबत्त्यांना कागदाच्या वाट्या लावत होते.

मी सरळच म्हटलं, "उद्या साक्ष नको. नुसता भात वाढू."

"का हो ताई?"

"सुमनला बोलवायचंय. साक्ष असली तर ती येणार नाही."

पाळकसाहेबांना सुमनची गोष्ट ऐकून माहीत आहे. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका हातातल्या मेणबत्तीकडे पाहत म्हणाले, "साक्ष काढली तर प्रीतिभोजनात उरलं काय? भात. आणि तो कसा असतो ते तुला ठाऊक आहे."

"एक वर्ष काका. एकच."

"ताई, आपण थोडक्यात घेऊ," पाळकसाहेब म्हणाले. "एकेक वाक्य."

"म्हणजे काय, प्रभूनं माझी थोडक्यात ऐकली, असं?"

ते हसले आणि हसू नये असं वाटून थांबले. काका हसले नाहीत. त्यांनी वाटी नीट बसवली, मेणबत्ती बाजूला ठेवली.

"शालिनी, आता उभे राहणारे किती उरलेत? मी, गंगूबाई, दोनचार जण. वर्षभर माझ्याशी घरात कुणी बोलत नाही. सून टीव्ही लावून देते. त्या एका दिवशी मी उभा राहतो आणि लोक बसून ऐकतात. ती साक्षही काढून घे. मग मला ह्या पायरीवर कशाला बसवता?"

एका माणसाला पंगतीत आणायला दुसऱ्याला उठवायचं. मी विचारलं, "सुमनच्या बाबतीत मग काय करायचं?"

"आपण करतो ते करतोच की," काका म्हणाले. "तिच्या गल्लीत गाणं बंद ठेवतो. तिला त्रास नको."

हे खरं आहे. रूथ गेली त्याच्या पुढच्या वर्षी पहाटेची फेरी सुमनच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा काकांनी हात वर केला. ढोलकी थांबली, गाणं थांबलं. तिच्या घरापुढून आम्ही मुकाट्यानं गेलो आणि वळण आलं की पुन्हा सुरू केलं. कुणी ठराव केला नव्हता. पण तेव्हापासून दर वर्षी काका हात वर करतात. नवीन सुना, बाहेरून आलेली माणसं, सगळ्यांना ते शिकवलं गेलं. लॉकडाऊनमध्ये फेरीच निघाली नाही, तेवढा खंड. मंडळी म्हणून आम्हाला आमच्या त्या चुकीबद्दल जे काही वाटत होतं, ते सगळं आम्ही त्या मुकेपणात घातलं होतं. मलाही ते योग्यच वाटत आलं होतं.

चर्चमधून मी सुमनकडे गेले. तिच्या बैठकीत खोकी बांधून ठेवलेली, भिंतीवर फोटो काढल्याचे पांढरे चौकोन. रूथचा फोटो तेवढा अजून होता. सुमननं खुर्चीवरचे कपडे उचलून मला जागा केली आणि न विचारता चहा ठेवला.

"पाव्हणी म्हणून आलीस की निमंत्रण घेऊन?" तिनं आतून विचारलं.

"निमंत्रण."

"साक्ष आहे?"

"आहे. काढायला गेले होते. काकांना जड जातंय."

"म्हाताऱ्याला राहू दे गं. त्याला टाके दाखवू देत." ती चहा घेऊन बाहेर आली. "मी काही कुणावर रुसून नाही, शालू. मला तिथे बसून खोटं तोंड करता येत नाही, आणि खरं तोंड केलं तर तुमचा घास अडकतो. मग कशाला?"

"मी शेजारी बसेन."

"तेव्हाही तूच होतीस शेजारी."

ती हे टोचून बोलली नाही. मी चहा प्यायले. बाहेर कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्यातरी घरी टीव्हीवर क्रिकेट. मग सुमन म्हणाली, "एक सांगू? तुम्ही दर वर्षी पहाटे माझ्या दाराशी येऊन गप्प का होता?"

"तुला त्रास नको म्हणून."

"मला त्याच्यानंच जाग येते." तिनं बशी खाली ठेवली. "लांबून गाणं येत असतं. झोपेत छान वाटतं, आईच्या घरी असल्यासारखं. ढोलकी जवळ येते. आणि माझ्या घराशी आलं की एकदम सगळं बंद. नुसत्या चपला. एवढ्या माणसांच्या चपला घासत जातात, कुणी खोकतं, कुणी लहान मुलाला शू म्हणतं. मी अंथरुणात पडून ऐकते. प्रेत चाललंय असं वाटतं, आणि दर वर्षी मला उमजायला वेळ लागतो की प्रेत कुणाचं. मग वळणावर गेलात की पुन्हा गाणं. म्हणजे माझं घर तेवढं टाळून."

मी रिकामा कप हातात फिरवला.

"दफनभूमीत तर मोठमोठ्यानं गाता. तिथे रूथ आहे. तिला त्रास होत नाही वाटतं?"

"आम्हाला वाटलं..."

"मला माहितेय काय वाटलं. चांगलंच वाटलं असणार. तुमच्या मनात वाईट काही येतच नाही, हाच तर घोटाळा आहे."

मी तिला सरळ विचारलं, "उद्या गायलो तर दार उघडशील? बाहेर येशील?"

"नाही."

"मग गायचं कशाला?"

"मी कुठे म्हणतेय गा." तिनं माझ्या हातातला कप घेतला. "तू विचारायला आलीस म्हणून सांगितलं. आता जा, मला ही भांडी गुंडाळायचीत. वर्तमानपत्रं असली तर पाठव."

घरी आले. नवऱ्याबरोबर वर्तमानपत्रांचा गठ्ठा तिच्याकडे पाठवला. भाकरी केल्या. वरणाला फोडणी दिली. काकांना फोन करून हे सांगावं का, असा विचार केला. सांगितलं तर त्या माणसाला झोप लागणार नाही. तिच्यावर दया दाखवली, एवढीच एक गोष्ट त्यानं इतकी वर्षं जपलेली. ती चूक होती, हे कुठल्या शब्दांत सांगायचं. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते मीटिंग बोलावतील. मी कुणालाच सांगितलं नाही. पांढरी साडी इस्त्री केली, पातेल्याला बाहेरून माती लावून ठेवली, म्हणजे सकाळी चुलीवर काळं होणार नाही. कडुनिंबाचा वास आता थंड झाला होता. प्रार्थना करावी असं क्षणभर वाटलं. केली नाही.

रविवार. पहाटे चर्चपाशी जमलो तेव्हा हवेत चांगलाच गारवा होता, दिवसा होणाऱ्या उकाड्याचं नावही नव्हतं. माणसं थोडी. पुढे पाळकसाहेब, त्यांच्यामागे ढोलकी घेऊन माझा नवरा, मग काका काठी टेकत, आणि आम्ही बायका मेणबत्त्या घेऊन. माझ्या खांद्याला बाटल्यांची पिशवी. गाणं बरं चाललं होतं. गंगूबाईचा आवाज सगळ्यांच्या वर, तिला शब्द कमी येतात, पण सूर पक्का. कुत्री भुंकली, दोन खिडक्या उघडल्या, दूधवाला सायकल धरून थांबला.

सुमनच्या गल्लीच्या तोंडाशी काकांनी हात वर केला. ढोलकी थांबली. गाणं थांबलं. चपला ऐकू यायला लागल्या. मी इतकी वर्षं त्या कधी ऐकल्या नव्हत्या.

मी गायला लागले. सुरुवातच खाली झाली, गळा घोगरा, ताल नाही. नवऱ्यानं मागे वळून पाहिलं, त्याला वाटलं मी विसरले. काकांनी हात आणखी वर केला, मग तो हवेतच राहिला. एका बाईनं माझ्या कोपराला हात लावला. गंगूबाईनं तोंड उघडलं आणि काकांकडे पाहून मिटलं. मी चालत राहिले, जरा हळू, आणि गात राहिले. ख्रिस्त उठला, असं त्या गाण्यात आहे. माझ्या मनात तसं काही नव्हतं. दवाखान्यात बेशुद्ध पेशंटला हाक मारत राहायला सांगतात, तसं मी ते करत होते.

सुमनच्या घरात अंधार होता. दाराबाहेर बांधलेलं एक खोकं, त्यावर आमच्याकडची वर्तमानपत्रं. मी दारापुढे थांबले. बाकीचे पुढे जाऊन वळणाशी उभे राहिले आणि माझी वाट पाहू लागले. दोनच कडवी मला पाठ आहेत. दोन्ही झाली. आत काही हललं नाही, दिवा लागला नाही, दार उघडलं नाही. ते उघडणार नाही, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं.

मी पहिलं कडवं पुन्हा घेतलं.